चेअरमनकडे पाय

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात मेंदूचे निरोप वाटेतच हरवतात. पाय जड होतात हे लोकांना पटतं. पण घाम, लघवी, रक्तदाब ही न सांगता चालणारी कामंही बिघडतात म्हटलं, की माणसं मला नाटक्या समजतात. मला घाम येत नाही. उन्हात तव्यासारखा तापतो, आणि झटकन उभा राहिलो की रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही. मग मी आडवा.

दुष्काळाच्या साली साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला मी बायकोला घेऊन हट्टानं गेलो. गावात आठ-आठ दिवस टँकर फिरकत नव्हता आणि तळ्यात उरलेलं पाणी कारखान्याला द्यायचा ठराव होता. तो मला अडवायचा होता.

मंडपात अत्तर, घाम आणि बुंदीच्या तेलाचा एकच आंबूस वास. व्यासपीठावर गार पाण्याच्या बाटल्या. खाली आमच्यासाठी रांजण. तो कोरडा, आणि आत पानाच्या पिचकाऱ्या.

"सभासदानं उभं राहून बोलावं," चेअरमन म्हणाले.

उभा राहिलो. "तळ्याचं पाणी" एवढंच म्हणालो आणि कोसळलो.

डोळे उघडले तर एक संचालक माझ्यावर बाटलीमागून बाटली ओतत होते. माझी लघवी सुटली होती. त्या पाण्यात ती कुणाला कळली नाही. त्यांचे तेवढे उपकार मी मानतो. रक्त डोक्याकडे यावं म्हणून बायकोनं माझे पाय खुर्चीवर ठेवले. नेमके चेअरमनच्या दिशेनं.

"पाय खाली घ्या. ही काय रीत हाय?"

"सायेब, पाय खाली घेतले की हे परत बेसुद व्हत्यात," बायको म्हणाली. "पडूनच इचारू द्या."

"तसं नियमात न्हाई."

मी पडूनच विचारलं, "तळं कारखान्याला दिलं, तर गावानं काय प्यायचं?"

पुढच्या रांगेनं "मंजूर, मंजूर" केलं आणि सगळा मंडप बुंदीकडे धावला. लोक माझ्यावरून ढेंगा टाकत गेले. त्या बाटल्यांच्या पाण्याचा चिखल कुणाच्या तरी चपलेतून माझ्या ओठांवर उडाला. मी तो थुंकलो. चव बुंदीच्या तेलाची होती.

जाताना चेअरमन माझ्या डोक्याच्या बाजूनं आले, वाकले.

"तब्येतीला जपा. लई ऊन हाय. पाणी भरपूर पीत जा."

"कुठलं?" मी विचारलं.