पहिला बार कुणाचा

निवडणूक आली की आमच्याकडे शेतराखणीच्या परवान्यातल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. परवा मी कसल्याशा दाखल्यासाठी तिथे बसलो होतो. शेजारी आपापली बंदूक मांडीवर घेऊन दोन म्हातारे तावातावाने भांडत होते.

"माझी ठासणीची बंदूक वाजली की अख्खो डोंगर जागो होय!"

"आवाजान डुकर मरणत नाय, तात्यानू," दुसऱ्याने नवंकोरं लाल काडतूस नाचवलं. "ह्या बघा. लांबसून पाडता."

"कितके पाडलंस?"

त्याने काडतूस हळूच खिशात सारलं. मग दोघंही हसले.

पूर्वी पारधीहून परतल्यावर पहिला बार कुणाचा, यावर गावात अशीच भांडणं जुंपायची. आता पारधीला बंदी आहे, चढणीला गुडघे नाहीत, हाकारे घालणारे सोबती एकेक करून गेले. भांडण तेवढं उरलंय, आणि ते जिवंत ठेवायला बिचारं एक काडतूस पुरतं.

बंदुका आत गेल्या. पायऱ्या उतरताना तात्यांचा हात सारखा खांद्याकडे जात होता, नसलेला पट्टा सावरायला.

"निकालानंतर बंदूक परत न्यूक येतलात मा?" दुसऱ्याने विचारलं.

"मी येतलंय," तात्या खेकसले. "तू तोपर्यंत जितो रव म्हणजे झाला."