नऊ माणसांचा श्वास

चांद्र नव्या वर्षाच्या आदल्या दुपारी तैवानातल्या कीलुंगमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात नऊ माणसं जमली आणि युएश्याचा जीव थाऱ्यावर राहिना. थोरले दीर, जाऊ, त्यांची मुलं-सुना आणि सासूबाई शिनचूहून आले होते. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून युएश्या बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत चार मासे नि प्रवाळ वाढवत होती. रोज सकाळी ती काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात तपासणीचं औषध थेंब थेंब टाकायची. आठ थेंबांत निळ्याचं पिवळं झालं की पाण्याचा क्षार बरोबर, आणि तिचा दिवस सुरळीत.

बाहेर थंडी नि झिमझिम, म्हणून खिडक्या घट्ट बंद. मेजावर गॅसच्या शेगडीवर रस्सा रटरटत होता, त्यात मांस-भाज्या बुडवून सगळे जेवत होते. टाकीवरच्या पीएच मीटरचा आकडा आठ पूर्णांक दोनवरून सात पूर्णांक आठवर उतरला.

"उठली परत!" जाऊ शूच्वान हसली. "अगं, मासे काय पळून जातायत?"

"वहिनी, पाणी आंबट होतंय. बंद घरात एवढ्यांचा श्वास, त्यात ही शेगडी. सगळं पाण्यात उतरतं." युएश्यानं खिडकी उघडली.

शहाऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी हात शालीत ओढून घेतले. "मग मी श्वास घेऊ नको का? लाव ती खिडकी!"

नवऱ्यानं, वेनथूनं, खिडकी लावली. युएश्यानं जाऊन स्वयंपाकघरातली उघडली. तीही कुणीतरी लावली. शेवटी तिनं आकडा चढवणारी क्षाराची पूड पाण्यात घातली. आकडा चढला, संध्याकाळी उतरला. पुन्हा पूड. तीन दिवस हेच चाललं. पाहुण्यांच्या धांदलीत थेंब मोजायचे राहूनच गेले.

चौथ्या दिवशी सकाळी शूच्वाननं पिशव्या भरल्या. "उद्या जाणार होतात ना?" युएश्यानं विचारलं.

"आईंना खोकला झालाय. तुझ्या त्या खिडक्या!"

सासूबाई दारात थबकल्या. "आता तुझ्या माशांना म्हणावं, पोटभर श्वास घ्या."

घर रिकामं झालं आणि संध्याकाळपर्यंत आकडा आपोआप वर आला. पण प्रवाळाची टोकं पांढरी पडली होती. तिनं थेंब टाकले. आठ, नऊ, दहा... तेराव्याला रंग पालटला. घरातल्या हवेमुळे आकडा पुन्हा पुन्हा खाली येत होता आणि पूड मात्र पाण्यात साठत गेली होती. दोष श्वासाचा नव्हता, तिच्या हाताचा होता. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढे रोज थोडं थोडं पाणी बदलत तिनं क्षार उतरवला. दोन फांद्या गेल्या, बाकीच्या तगल्या.

एके सकाळी वेनथूनं विचारलं, "तुझं ते पाण्यात बुडबुडे सोडून फेस काढणारं यंत्र हवा कुठून ओढतं?"

"घरातूनच."

"मग बाहेरून ओढू दे की!" त्यानं भिंतीला भोक पाडून यंत्राची बारीक नळी बाहेर काढली.

युएश्यानं सासूबाईंना फोन लावला. "आई, खोकला कसा आहे?"

"तुझ्या माशांपेक्षा बरा."

"पौर्णिमेला, दिव्यांच्या सणाला याल? खिडकी नाही उघडणार."

"येईन. पण कोट घालूनच बसेन. तुझा भरवसा नाही."

सगळे आले. आकडा आठ पूर्णांक एकवर थांबला. तरी युएश्या दोनदा उठली. तिसऱ्यांदा सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "बस. खा आधी."

ती बसली. मान मात्र टाकीकडेच वळलेली.