तसलं काही

मानसोपचार शिकताना मी पहिल्यांदा नापास झालो तो एका नसलेल्या बाईपुढे. खऱ्या पेशंटशी बोलायला सोडण्याआधी आमच्या मॅडम आम्हाला कॉम्प्युटरमधल्या पेशंटपुढे बसवत. पडद्यावर चाळिशीची एक उदास बाई. आपण माइकमध्ये विचारायचं, तिने उत्तर द्यायचं, शेवटी गुणही मशीनच द्यायचं. झोप, भूक, रडणं, सगळं मी झकास विचारलं. अडलो एकाच जागी. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ याच शब्दांत विचारायचं होतं.

आमच्या घरी बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात. अशा घरातला मी.

"मनात तसलं काही येतं का?"

"तसलं म्हणजे कसलं?" बाईचं मराठी अगदी पुस्तकी.

"म्हणजे... नको ते."

"मला आपला प्रश्न समजला नाही."

"अवो बाई, समजून घ्या ना!" मी खेकसलो. मशीनने शेरा दिला, 'पेशंटवर आवाज चढवला.' मॅडम म्हणाल्या, "उद्या शेवटची संधी. नाही जमलं तर यंदा वॉर्ड विसरा."

घरी आई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, जरा पेशंट हो ना. उदास बाई."

तिने लगेच तोंड एवढं पाडलं की मलाच हसू फुटलं. भूक लागते का विचारलं, तर म्हणे, "पोरगा रोज भाजीले नावं ठेवते, भूक कुठून लागन?"

मग मी डोळे मिटून तो प्रश्न विचारून टाकला.

"शुभ बोल गा! दिवेलागणीची वेळ हाय."

"आई, उद्या परीक्षा हाय माही." या वेळी तिच्याकडे बघत विचारलं, "जीव द्यावासा वाटते का?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुहे बाबा गेले त्या साली वाटे. लय वाटे." पुढे म्हणाली, "जो येई तो विचारे, जेवली का? हे कोणीच नाही विचारलं."

त्या साली मी बारावीत होतो. तिच्याच शेजारी बसून अभ्यास करायचो आणि तिला त्रास नको म्हणून गप्प राहायचो. मला भयंकर लाज वाटली. पुढचे सगळे प्रश्न मला पाठ होते, पण एकही आठवेना.

आईने दाणे वाटीत टाकले आणि दुसरी शेंग घेतली.

"विचार ना गा पुढचं," ती म्हणाली. "आता काहून थांबला?"