सुनंदाबाईंचं मशीन

हे मी घरी सांगितलं नाही, मित्रांना नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

चंद्रपूरच्या एका संस्थेत मी काम करतो. मध, मोहफुलं, डिंक कोणत्या गावानं कुणाला विकला, याच्या नोंदी आम्ही ब्लॉकचेनवर ठेवतो. म्हणजे एकच वही अनेक गावांतल्या संगणकांत. एकानं खाडाखोड केली तर बाकीचे पकडतात. ही पडताळणी करणारे ते व्हॅलिडेटर. त्यांतल्या काही जणांना संस्था नवं यंत्र, प्रशिक्षण आणि दरमहा मदत देणार होती. निवड माझ्याकडे होती. निकष मीच लिहिला — महिनाभराच्या चाचणीत ज्याचं मशीन, म्हणजे हा संगणक, कमी वेळा बंद पडेल, तो. बस. सभेत वाचूनही दाखवला मीच. इथे वशिला चालणार नाही, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या होत्या.

शेवटी एक जागा उरली आणि दोन नावं. अहेरीजवळच्या एका गावातल्या सुनंदाबाई आणि गडचांदूरचा प्रकाश — माझा कॉलेजपासूनचा मित्र. सुनंदाबाई मोह वेचणाऱ्या घरातल्या, बचत गटाचं काम करता करता संगणक शिकलेल्या. ग्रामसभेनं त्यांच्यासाठी समाजमंदिराच्या छतावर सौर पॅनल बसवलं होतं. त्यांचं मशीन महिनाभरात एकदाही बंद पडलं नाही. प्रकाशचं — कितीदा तरी.

मग प्रकाशचा फोन आला. "यार, माहं होऊन राह्यलं ना? घरी सांगून टाकलं मी."

नाही म्हणायला काय लागतं? मी म्हणालो, बघतो.

ब्लॉकचेनवरची एक ओळही मला खोडता आली नसती. पण निवडीचा तक्ता? तो माझ्या संगणकावर, साध्या फाईलमध्ये होता. दोन नावांसमोरच्या आकड्यांची मी अदलाबदल केली. मशीन बंद पडल्याच्या मूळ नोंदी सर्वांना बघायला ठेवू, असं सभेत सांगितलं होतं — त्या ठेवल्या नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत.

पण मला सांगायचंय ते हे नाही. हे तर बरेच जण करतात — असं मी स्वतःला कितीदा ऐकवलंय.

यादी लागल्यावर सुनंदाबाईंनी फोन केला. आवाजात राग नव्हता. "भाऊ, माही मशीन बंद पडली होती का?"

इथे तरी मला थांबता आलं असतं. जागा कमी होत्या, एवढंच म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो बाई. बऱ्याचदा."

त्या हळूच म्हणाल्या, "मी तं जवळच बसून राहत होती जी. दिवा लागलेलाच दिसे. मलेच समजलं नसन. माही चूक."

मी काय केलं? त्यांचं सांत्वन केलं! होतं असं, म्हणालो.

त्यांनी ग्रामसभेत उभं राहून चूक स्वतःचीच असल्याचं सांगितलं. हे मला दुसऱ्याच माणसाकडून कळलं. गावानं ते काम तिथेच सोडलं. प्रकाशनं वर्षभर मशीन चालवलं, मग कंटाळून बंद केलं.

गेल्या वर्षी पुन्हा अर्ज मागवले. मी स्वतःहून सुनंदाबाईंना फोन लावला. या वेळी त्यांना देऊन टाकू, असं मनात होतं. बघा — तेव्हाही देऊन टाकू, असंच; निकषानं नाही.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "ज्याले येते त्याले द्या. मले मशीनमधलं समजत नाई. तुमीच तं सांगतलं."

त्यांना समजत होतं. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त. हे माहीत असूनही मी फक्त "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला.