चिंचेच्या पाण्यातला निळा दगड

आई मोरीत देवाचा तांब्या घासत होती. शेजारी वाटीत, चिंचेच्या पाण्यात, गेलेल्या बाबांचा निळा दगड. तांब्याच्या खाणीत नोकरीला असताना त्यांनी तो आणलेला. ते सांगायचे, खडकातलं तांबं पाण्याहवेत झिजून असं निळं होतं, आणि पुढे दमट हवेत सावकाश हिरवं पडतं.

"कडेला हिरवं आलं होतं रे, तेवढंच काढते," आई म्हणाली. दगडावर बारीक बुडबुडे येत होते. मी उचलेपर्यंत तो फिका पडला होता.

ते हिरवं म्हणजे डाग नव्हता, दगडाचं म्हातारपण होतं. शेवटी शेवटी बाबांचंही म्हातारपण आम्ही दवाखान्यात असंच घासत राहिलो. "घरी न्या मला," एवढंच ते म्हणायचे.

आईनं दगड पदरानं पुसून त्यांच्या फोटोपाशी ठेवला. तांब्या मात्र लख्ख निघाला होता.