सैल पट्टा

धाकटीच्या हातात इंजिनिअरिंगची पदवी पडली त्याच आठवड्यात कंपनीचं पत्रही आलं. घरात आनंदीआनंद झाला. तिने मात्र कंपनीकडे रुजू व्हायला सहा महिन्यांची मुदत मागितली, आणि कंपनीने ती दिली. जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"सहा महिने करणार काय?"

"शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकणार."

"मग चार वर्षं काय शिकलीस?"

"मशीनची चित्रं काढायला. एकही मशीन शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडलेलं नाही मी, बाबा."

"लोक विचारतात, मुलगी काय करते म्हणून. काय सांगू त्यांना?"

"सांगा, तेल घालते," आई म्हणाली आणि तिनेच तोंडाला पदर लावला.

तिच्या वर्गातले सगळेच काही नोकरीला लागले नव्हते. एक जण पाठीवर पिशवी टाकून भटकायला निघाला होता. एकीने दूरच्या एका शाळेत वर्षभर गणित शिकवायचं कबूल केलं होतं. एक पुढच्या शिक्षणाचे फॉर्म भरत होता, आणि एक जण 'विचार करतोय' असं सांगून दुपारी बारापर्यंत झोपत होता. धाकटीला यातल्या कुणाचंच चुकतंय असं वाटत नव्हतं. तिला स्वतःपुरतं एकच हवं होतं. बिघडलेलं मशीन समोर यावं आणि कुणालाही न विचारता आपण ते चालतं करून द्यावं. तेवढं जमलं की खुशाल कंपनीत जायचं.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. भिंतीभर खिळ्यांना अडकवलेली चाकं, डब्यांत सुया, आणि सगळ्याला रॉकेलचा वास. मिस्त्रींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कॉलेजसाठी काही लिहून बिहून घ्यायला आलीस का?"

"नाही. हात काळे करायला."

"बघू."

पहिले दोन महिने तिने नुसते सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले. शेजारचा किल्लीवाला रोज न चुकता टोमणा मारायचा, "मिस्त्री, तुमच्याकडे भांडी घासायलासुद्धा इंजिनिअर लागतो का हो?" धाकटी मान वर करायची नाही. तिसऱ्या महिन्यात मिस्त्रींनी तिला मशीन उघडू दिलं, चौथ्यात परत जोडू दिलं. ती जोडायची, ते सगळं सोडवायचे आणि म्हणायचे, "परत." ती परत जोडायची. पाचवा महिना सरता सरता तिची बोटं डोळ्यांआधी स्क्रू शोधायला लागली.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टेलरमावशींचं पायमशीन दुकानात आलं. मावशी चौकापलीकडच्या गल्लीत राहायच्या आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीन खालचा दोरा सारखा तोडत होतं.

"हे तू कर. एकटी," मिस्त्री म्हणाले. "मी बघणार नाही."

धाकटीने दोष अर्ध्या तासात हुडकला. खालच्या दोऱ्याची बॉबिन धरणाऱ्या शटलला बारीक खाच पडली होती, दोरा तिथे अडकत होता. तिने शटल बदललं, सगळं मशीन पुसलं, तेल दिलं. मग तिचं लक्ष चामड्याच्या पट्ट्याकडे गेलं. खालचं मोठं चाक वरच्या चाकाला फिरवतं ते या पट्ट्याने, आणि तो चांगलाच सैल होता, घसरत होता. तिने तो बोटभर कापला, कडी लावून जोडला. आता मशीन असं पळायला लागलं की किल्लीवालाही बघायला आला.

"आलीस हाताशी," मिस्त्री म्हणाले. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मशीन बुधवारी घरी गेलं. शनिवारी सकाळी मावशी स्वतः लंगडत दुकानात आल्या. त्यांच्या हातात चार सदरे होते आणि चारही सदऱ्यांच्या खिशांचे कोपरे बिघडलेले. शिवण कोपऱ्यावर वळायच्या ऐवजी दोन टाके पुढे धावलेली.

"पोरी, काय केलंस गं? थांबतच नाही ते. तीस सदरे द्यायचेत सोमवारी."

धाकटीने सगळं मशीन मनातल्या मनात उघडलं. कुठेच चूक सापडेना. मिस्त्रींनी फक्त विचारलं, "शटल सोडून आणखी कशाला हात लावलास?"

"पट्टा घट्ट केला. सैल होता."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "मशीन नीट केलंस. बाई बिघडवलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय विचारतेस? त्यांना विचार."

मावशींनी साडीचा काठ थोडा वर करून उजवा गुडघा दाखवला. तो अर्धाच वाकत होता. पायंडल सुरू करायला पाय पुरायचा, पण झटकन थांबवायचं बळ त्यात नव्हतं. म्हणून कोपरा आला की त्या तळहाताने वरचं चाक दाबून धरायच्या. पट्टा सैल असल्यामुळे चाक जागच्या जागी थांबायचं आणि खालचं पायंडल हवं तितकं डुलत राहायचं. आता पट्टा घट्ट होता. चाक धरलं तरी पायंडल त्याला ओढून पुढे न्यायचं. गाडीच्या क्लचचं काम त्या ढिल्या चामड्याने इतकी वर्षं केलं होतं, आणि क्लचवर धाकटीला परीक्षेत पूर्ण गुण होते.

"मी बसवून देते परत," ती म्हणाली.

"कापलेला पट्टा वाढतो होय?" किल्लीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

तिने नव्या चामड्याच्या तीन-चार लांब पट्ट्या, कात्री, पक्कड, मूठभर कड्या घेतल्या आणि मावशींबरोबर त्यांच्या घरी गेली. एकच खोली, खिडकीशी मशीन, खाटेवर निळ्या कापडाचा ढीग. पहिली पट्टी तिने मुद्दाम जास्तच लांब ठेवली. मावशी बसल्या. जाड कॉलरवर सुई जागीच अडली.

"फारच ढिला झाला गं."

"असू द्या. आता थोडं थोडं कापते."

नखाएवढा तुकडा कापला. कॉलर गेली, पण रखडत. आणखी तेवढाच कापला. कॉलर सुरळीत गेली, कोपऱ्यावर मात्र एक टाका पुढे पळाला. धाकटीने कडी सोडली आणि तो पट्टा बाजूला टाकून दुसऱ्या पट्टीवर पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ती पट्ट्याकडे न बघता मावशींचा गुडघा, तळहात आणि चाक यांच्याकडे बघत बसली. तळहात नेमका केव्हा पडतो, तेव्हा गुडघा कुठे असतो. दुसरा पट्टाही बाजूला पडला, पण तिसऱ्या पट्ट्यावर कॉलर गेली आणि खिशाचा कोपराही काटकोनात वळला.

मावशींनी दुसरा खिसा लावला, तिसरा लावला. मग वेग वाढवला.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा होता. आज मुदत संपत होती हे धाकटीच्या ध्यानातच नव्हतं.

"सोमवारी रुजू होताय ना?" पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या.

धाकटीने मशीनकडे पाहिलं, मग मावशींच्या गुडघ्याकडे. कालपर्यंत तिने या प्रश्नाला डोळे मिटून हो म्हटलं असतं.

"नाही. मला अजून सहा महिने लागतील."

"तेवढी जागा राखून ठेवता येणार नाही हो. दुसऱ्याला द्यावी लागेल."

"द्या. तुम्ही थांबलात, त्याबद्दल आभारी आहे." तिने फोन ठेवला. बाबांना हे आज संध्याकाळीच सांगायचं, तिने ठरवलं, आणि आईच्या आडून नाही, समोर बसून.

"कोण होतं गं?" मावशींनी पाय न थांबवता विचारलं.

"कंपनी. नोकरीचं विचारत होते."

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं. मावशी, हा गुडघा दिवसभराने दुखतो ना? पायंडल थोडं तुमच्याकडे सरकवता आलं तर? थांबा, उठू नका. तसंच शिवत राहा, मला खालून बघू दे." आणि ती मशीनखाली फरशीवर आडवी झाली.