नळाच्या दिवसाचा तक्ता

मंगळवारी आमच्या वाळूजच्या शेडमध्ये पुण्याहून एक साहेब आले होते. ज्या कंपनीला आम्ही दुचाकीचे बारके पार्ट बनवून देतो, तिथले. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच.

साहेबांनी मशीनं पाहिली, माल तपासला. सगळं ठीक. मग खुर्चीत टेकून म्हणाले, "मॅडम, चाकणला शिफ्ट व्हा. व्हेंडर आता प्लांटजवळच हवेत. आणि तुमच्या शहरात प्यायला पाणी नाही, कारखाना काय चालवणार?"

डोक्यात तिडीकच गेली. दुष्काळ काय आम्ही हौसेनं मागवलाय? इकडं टँकरच्या रांगा लागल्यात आणि तिकडं नव्या कॉलन्या उभ्या राहतायत, कारण माणसं अजूनही कामासाठी याच शहरात येतात. आमच्या बारा जणांची घरं इथं, पोरांच्या शाळा इथं. मशीनं ट्रकात टाकता येतील हो, माणसं कशी टाकू?

तेवढ्यात आमचे सगळ्यात जुने टर्नर सलीमचाचा हात पुसत बाहेर निघाले. साहेबांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, नावांपुढच्या निळ्या खुणा पाहिल्या. "एवढ्या गैरहजेऱ्या?"

"गैरहजेरी नाय साहेब," चाचा दारातूनच म्हणाले. "आज आमच्या मोहल्ल्यात आठ दिवसांनी नळ येतो. पाणी भरून दोन तासांत माघारी. तवर माझं मशीन सुनीता बघती, तिच्या नळाच्या दिवशी तिचं मी बघतो. माल कधी लेट आला का, तुमीच सांगा."

साहेबांनी मालाची वही उघडून तारखा पाहिल्या. यंदाच्या उन्हाळ्यातसुद्धा एक खेप चुकली नव्हती... माझा धीर वाढला. म्हटलं, "साहेब, मी कुठंही हलणार नाही. काम द्यायचं तर इथं द्या."

काल मेल आला. अर्धी ऑर्डर चाकणला गेली. रडले, खोटं कशाला बोलू? मग तोंड धुतलं आणि फोन लावत बसले. शेंद्र्याच्या दोन कारखान्यांनी सॅम्पल मागितलंय, बघू.

आज सकाळी चाचा तक्त्यासमोर उभे होते. "ताई, हे नळाचे दिवस बंद करा आता. काम जपाया पायजे." बाकीचे मान खाली घालून उभे. 

ज्या तक्त्याच्या जोरावर साहेबांना नाही म्हटलं, तो मीच फाडू? छट्! निळा पेन घेतला आणि पुढच्या महिन्याचा तक्ता सगळ्यांसमोर लिहिला. बाराच्या बारा नावं, प्रत्येकाचे नळाचे दिवस. शेवटी माझं नाव.

उद्या आमच्याकडं पाणी येतंय, त्यामुळं दोन तास शेडचा फोन चाचा उचलतील. कुणाला पार्ट बनवून हवे असतील तर बिनधास्त लावा... आम्ही इथंच आहोत.